पटकीचा माग काढणारे वाल्देमार हाफकिन



पावसाळा तोंडावर आला की आपल्या जोयडा तालुक्यातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. कुणाला पाणी बाधलेले असते, कुणाला मोडशी झालेली असते, कुणाचे मूल दोन दिवस ढाळ लागून मलूल पडलेले असते. औषध घेतले की उतार पडतो आणि महिना-दोन महिन्यांनी त्याच वाडीत, कधी कधी त्याच घरात, पुन्हा तेच. हे दुखणे परत परत का येते, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत बायकांनी एकदा नव्हे, अनेकदा विचारला आहे. त्याला उत्तर म्हणून आरोग्याची सूचनापत्रके छापण्यापेक्षा ज्या माणसाने आपले अर्धे आयुष्य या प्रश्नामागे घालवले त्याचे चरित्र सांगावे, असे आम्हाला वाटले. ते गृहस्थ आपल्या देशाचे नव्हते, आपल्या धर्माचे नव्हते आणि वैद्यकीचे डॉक्टरही नव्हते. मुंबईच्या परळ भागातल्या हाफकिन संस्थेमुळे त्यांचे आडनाव मात्र मराठी माणसाच्या तोंडी बसले आहे. सापाच्या विषावरची लस म्हटली की आपल्याला हाफकिन आठवते. पण हाफकिन नावाचा एक माणूस होता, हे अनेकांच्या गावीही नसते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात झाले. गुरू लाभले ते इल्या मेचनिकोव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ. ओडेशात त्या काळी ज्यूंच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले होत. तरुण हाफकिन स्वतःच्या लोकांचे रक्षण करणाऱ्या गटात होते, झारविरोधी चळवळीशीही त्यांचा संबंध होता, आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात वरची जागा मिळण्यासारखी होती. त्यांनी तो बदलला नाही आणि जागा गेली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकोव्ह आधीच गेले होते, पण शिष्याला देण्याजोगी एकच जागा रिकामी होती, ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती घेतली. ग्रंथालयाचे काम आटोपून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. फुरसत मिळालीच तर व्हायोलिन वाजवत.

त्या वर्षांत युरोपावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, नवी साथ येत होती. हा रोग आपल्याकडे किती जुना आहे ते वेगळे सांगायला नको. मरीआईची देवळे गावोगाव आहेत ती याच भीतीपोटी. देशावर कित्येक गावांत मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडत. म्हणजे रोग पुढच्या गावाच्या हद्दीत गेला, आपण सुटलो. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलत असे. पटकी खरोखर कशी पसरते याची काहीशी जाण त्या रिवाजात होती, असे आम्हाला कधी कधी वाटते. फक्त रोग गाड्यावर बसून जात नव्हता, माणसांबरोबर आणि पाण्यातून जात होता.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरांनी एका सार्वजनिक पंपाभोवती मृत्यू कसे दाटले आहेत हे नकाशावर दाखवले होते. त्यानंतर ३० वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. त्याच तळ्यावर लोक आंघोळी करत, रोग्यांचे कपडे धूत आणि पिण्याचे पाणीही तिथूनच भरत. शत्रू सापडला होता. त्याला अडवायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

हाफकिन यांनी हा जंतू प्राण्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा काढून जहाल केला आणि दुसरीकडे त्याचाच एक दुबळा वाण तयार केला. आधी दुबळा टोचायचा, काही दिवसांनी जहाल. प्राणी वाचले. माणूस वाचेल का, हे कळायला माणूस हवा होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचले त्या जागी दुखले, काही दिवसांत ते ठीक झाले. मग त्यांच्या काही रशियन मित्रांनी टोचून घेतले. रशियात तेव्हा पटकीने हाहाकार माजवला होता, पण तिथल्या सरकारला या परागंदा तरुणाची लस नको होती. त्यांच्या मनात सियामला जायचे होते. पॅरिसमधले इंग्रज वकील लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी सुचवले की पटकीचे माहेर बंगालात आहे, तिथे जा.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. तेव्हा वय ३३.

सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली. आग्र्याला त्यांनी पहिल्या मोठ्या संख्येने माणसे टोचली. योगायोग असा की आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ काम करत होते. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी शुद्ध करण्याचा पुरस्कार त्यांनीच पुढे केला. आपल्या वडीलधाऱ्यांना विहिरीचे पाणी जांभळट करणारे ते लाल औषध नक्की आठवत असेल. साथ आली की गावचा कारकून डबा घेऊन यायचा आणि आम्ही मुले विहिरीत डोकावून रंग बघायचो. म्हणजे एकाच शहरात एकाने माणसाच्या अंगात आड घातला, तर दुसऱ्याने विहिरीत. दोन्ही कामे लागतात. पुढच्या हकीकतीत हेच दिसते.

सैन्याच्या पलटणी, तुरुंग, आसामातल्या चहाच्या मळ्यांतले मजूर असे करत पहिल्या अडीच वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी टोचले. नुसती संख्या मोठी म्हणून त्यांचे काम मोठे ठरत नाही. ते हिशेब कसा ठेवत ते पाहावे. टोचलेले १०० आणि न टोचलेले १०० वेगवेगळ्या ठिकाणचे असतील, तर पहिल्यांचे पाणी चांगले असेल म्हणूनही ते वाचले असतील. म्हणून हाफकिन असे गट शोधत ज्यांचे अन्न एक, पाणी एक, शौचकूप एक, छप्पर एक. फरक असेल तर फक्त सुईचा. गयेच्या तुरुंगात साथ चालू असताना त्यांनी काही कैद्यांना टोचले, काहींना नाही, आणि दोन्हींची नोंद ठेवली. चहामळ्यातही तसेच. औषधाची परीक्षा अशी घ्यावी लागते, हे आज वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या काळी हे करून दाखवणारे फार थोडे होते.

कलकत्त्यातली कट्टल बागान बस्ती ही त्यातली सर्वांत बोलकी कथा. शहराचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी त्यांना मदतीला बोलावले होते. मार्च १८९४ मध्ये एका तळ्याभोवतीच्या या वस्तीत पटकीचे रोगी निघाले, काही दगावले. वस्ती सुमारे २०० माणसांची. त्यांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतरही त्या वस्तीत पटकी होतच राहिली, पण जे आजारी पडले आणि जे गेले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. तळे तेच, झोपड्या त्याच, घागरी त्याच. हा आकडा पाहून कलकत्त्याच्या नगरपालिकेने कामाला पैसे मंजूर केले.

ही गोष्ट लसीच्या विजयाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. आम्हाला मात्र तिच्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. टोचल्यावरही रोग वस्तीतून गेला नव्हता. तळ्याचे पाणी होते तसेच राहिले, म्हणून ज्यांच्या अंगात आड नव्हता त्यांना त्याने गाठलेच. शिवाय टोचल्यावर पहिले काही दिवस संरक्षण मिळत नाही आणि साधारण वर्षभराने ते ओसरू लागते, हे हाफकिन यांच्याच नोंदींतून पुढे आले. त्यांनी ते झाकले नाही. पुढच्या काळात पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. आपल्यातल्या ज्येष्ठांना तो दुखरा दंड आठवत असेल. पण त्या जुन्या सुईचा गुण अर्धवट आणि थोड्या महिन्यांचाच, हे पक्के झाल्यावर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांसाठीची त्या दाखल्याची सक्ती काढून टाकली. आता तोंडावाटे घ्यायच्या नव्या लसी आल्या आहेत, आपल्या देशातही बनतात. त्याही पाण्याची जागा घेत नाहीत.

इथे जरा चरित्र बाजूला ठेवून आपल्या वाड्यांकडे वळू, कारण कट्टल बागानची बस्ती वाटते तितकी आपल्यापासून दूर नाही.

पटकीचा जंतू तोंडावाटेच आत जातो. पोटातले आम्ल त्यातले बरेच मारते, म्हणून रोग व्हायला पुष्कळ जंतू लागतात. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्याचे, कुपोषित मुलाचे हे कुंपण कमकुवत असते. जे जंतू पुढे लहान आतड्यात पोचतात ते विष सोडतात आणि अंगातले पाणी भाताच्या पेजेसारखे बाहेर पडू लागते. हे विष नेमके दाखवून दिले ते १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते. आता मुख्य गोष्ट. ज्यांच्या पोटात हा जंतू शिरतो त्यांतले बहुतेक जण फारसे आजारी पडतच नाहीत. एखादा जुलाब होतो, संपले. तरीही काही दिवस त्यांच्या शौचातून जंतू पडत राहतात. विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, तर काही माणसांच्या पित्ताशयात तो जंतू वर्षानुवर्षे मुक्काम करतो आणि ती माणसे ठणठणीत असतात. रक्ती आव करणारा शिगेला नावाचा जंतू असा की अगदी मोजके जंतू पोटात गेले तरी पुरतात. त्याला तळेही लागत नाही, न धुतलेला हात पुरतो.

म्हणून एकाच घरात पुन्हा पुन्हा पोट बिघडते तेव्हा दोष त्या मुलाच्या कोठ्याचा असेलच असे नाही. औषधाने मूल बरे होते, पण पाणवठा तोच असतो आणि वाढणारा हातही तोच.

आपला मुलूख पाण्याचा. काळी नदी आपल्याच तालुक्यात डिग्गीला उगम पावते. डोंगरातले झरे, ओहोळ, पाट यांवर आपली जुनी वस्ती वाढली आणि वाहते पाणी शुद्ध असते असे आपण धरून चाललो. उन्हाळ्यात झरा आटतो आणि चार घरांची धुणी, गुरे आणि घागरी एकाच डबक्यावर येतात. पहिला पाऊस पडतो तेव्हा वरच्या रानातली, गोठ्यातली, परसाकडची सगळी घाण धुऊन खाली येते. जांभ्या दगडाची जमीन चाळणीसारखी. शौचालयाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणला तर झिरपून काय खाली येते ते दिसत नाही. सुपे गाव धरणात गेल्यावर उठून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांनी जुना पाणवठा सोडून रामनगरसारख्या नव्या जागी पाण्याचा हिशेब नव्याने मांडला. त्यात काय काय सोसावे लागले हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. नळ आला तरी पाणी एक दिवसाआड येते म्हणून पिंपात साठवतो आणि त्या पिंपात सगळे घर हात घालून तांब्या बुडवते. लांब दांड्याचे ओगराळे पूर्वी प्रत्येक घरी असायचे. ते माळ्यावर का गेले?

जत्रेचे तेच. माघात उळवीला चन्नबसवेश्वरांच्या जत्रेसाठी धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात, रानात मुक्काम पडतात. आपणही जातो, जायलाच हवे. लग्नकार्याचे मोठे जेवण असो की गावजेवण, सकाळी केलेली चटणी आणि ताक संध्याकाळपर्यंत उघडे राहते, आणि वाढणाऱ्या वीस हातांतला एक हात नुकताच आजारातून उठलेला असतो. त्याला त्या दिवशी वाढपातून सुटी द्यावी. त्यात अपमान कसला?

आणि दुखणे आलेच तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट पाजत राहायचे. दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी असेल तर ती अधिक चांगली. लघवी थांबली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा मूल पाणीही घेईना, तर मात्र घरी थांबू नये.

आता पुन्हा हाफकिन यांच्याकडे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हा पोटाचा रोग नव्हे, उंदरांवरच्या पिसवांचा. पण सरकारने धाव घेतली ती याच माणसाकडे. ऑक्टोबरात ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी जागा आणि मोजके मदतनीस मिळाले. रस्सा भरलेल्या बाटल्यांत वर साजूक तुपाचे थेंब सोडून त्यांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या मुळ्यांसारखे वाढवायची त्यांची युक्ती मराठी गृहिणीला कौतुकाची वाटेल. यावेळी त्यांनी जंतू उष्णतेने मारून लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पुन्हा आधी स्वतःला टोचली. इतरांना द्यायच्या मात्रेपेक्षा मोठ्या मात्रेत. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी पुढे होऊन टोचून घेतले, तेव्हा लोकांची भीती थोडी मोडली. १८९८ मध्ये हुबळीत प्लेग शिरला तेव्हा तिथे हजारोंनी माणसे टोचली गेली. आज आपण ज्या हुबळीला बाजाराला आणि इस्पितळाला जातो ती हीच. आपला जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे परळची प्रयोगशाळा जितकी पुण्याची तितकीच कारवारची आणि धारवाडची. ती प्रयोगशाळा ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मग मुलकोवाल आले.

पंजाबातल्या या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ही गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी बसली. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असा ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या रीतीत बदल केला होता. पूर्वी घालत असलेले कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. तेच त्यांच्या विरुद्ध गेले. त्यांना कामावरून दूर केले, पगार बंद झाला, ते इंग्लंडला गेले.

खरे काय घडले होते? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट तापवून निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले गेले. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. शिवाय बाटली मुंबईहूनच नासलेली आली असती, तर इतक्या दिवसांत तिला घाण वास यायला हवा होता, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांना बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. हे सगळे कागदावर होते. तरीही पाच वर्षे गेली. हिवतापाचा डासांशी संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या वर्तमानपत्रात लिहून हा अन्याय चव्हाट्यावर आणला, इतर नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला.

आमचे मत विचाराल तर ते परके होते, ज्यू होते आणि डॉक्टरीची पदवी नसताना डॉक्टरांच्या वर बसले होते, याचा त्या पाच वर्षांशी संबंध नव्हता असे मानणे कठीण आहे. आणि त्याहूनही मनाला लागते ती दुसरी गोष्ट. आयुष्यभर जंतूंशी झुंजलेल्या या माणसाचे काम मोडले ते जमिनीवर पडलेल्या आणि नीट स्वच्छ न केलेल्या एका चिमट्याने. ज्यांची घरे त्या दिवशी उजाड झाली त्या १९ जणांची नावे आपल्याला माहीत नाहीत. हाफकिन यांची बाजू घेताना त्यांना विसरून चालणार नाही.

१९०७ मध्ये ते परत आले, पण परळची खुर्ची आता दुसऱ्याकडे होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले, तेही मुख्यतः संशोधनापुरते. पूर्वीसारखे वस्त्यांत जाऊन लोकांना टोचण्याची मोकळीक राहिली नव्हती. तिथे ते पुन्हा पटकीकडेच वळले. जिवंत जंतूंऐवजी मारलेल्या जंतूंची लस करावी, या मागे लागले. १८९० च्या दशकात त्यांच्याच कामावरून प्रेरणा घेऊन अल्मरॉथ राइट यांनी विषमज्वराची लस केली होती, हेही इथे नोंदवायला हवे. पोटाच्या दोन मोठ्या रोगांच्या लसींमागे अशी एकाच माणसाची सावली आहे. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले.

लग्न त्यांनी केले नाही. तरुणपणी धर्म सोडायला नकार देणारा हा माणूस उतारवयात कडवा धर्मनिष्ठ झाला. जंतुशास्त्रज्ञ आणि परंपरा पाळणारा ज्यू यांत त्याला विसंगती दिसत नव्हती. शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेली. जमवलेली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांमधल्या गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते लोझानलाच वारले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. ते त्यांनी हयातीत पाहिले, एवढे तरी समाधान. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्या मंडळातली कित्येक कुटुंबे टाटा किंवा केईएम इस्पितळात उपचारासाठी परळला जातात आणि दिवसचे दिवस तिथे काढतात. हाफकिन संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोठी झाडे, जुनी दगडी इमारत. कधीकाळी ते जेझुइट पाद्र्यांचे प्रार्थनास्थळ होते, मग गव्हर्नरांचा बंगला झाला, मग प्रयोगशाळा. पुढच्या वेळी गेलात आणि रिपोर्ट मिळायला तासभर वेळ असला, तर त्या फाटकापर्यंत जाऊन या.